वजनाच्या ऑपरेशननंतर उन्हाळी लागणं आणि क्रॅनबेरी ज्यूस

वजन कमी करायचं ऑपरेशन (बहुतेक स्लीव्ह, म्हणजे पोट कापून नळीसारखं करणं, नाहीतर बायपास, म्हणजे पोटाची छोटी पिशवी करून ती आतड्याला जोडणं) झालेल्या माणसाला लघवीच्या पिशवीचं इन्फेक्शन झालं, किंवा सारखं सारखं व्हायला लागलं, की त्यावर क्रॅनबेरीचा ज्यूस किंवा पावडर घेण्याचा उपाय. विदर्भात ऑपरेशन होतं नागपूरला आणि पेशंट परत येतो आर्वी, दर्यापूर, सिंदेवाहीकडे, तिथं उन्हाळी लागली, म्हणजे लघवीला जळजळ झाली, की आधी धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, गोखरूचा काढा आणि आताशा मेडिकलमधलं क्रॅनबेरीचं पाऊच.

फळ मूळचं उत्तर अमेरिकेतलं, दलदलीत वाढणारं, शास्त्रीय नाव व्हॅक्सिनियम मॅक्रोकार्पन. ऑनलाइन 'इंडियन क्रॅनबेरी' म्हणून जे विकतात ते आपलं करवंद, मेळघाटात उन्हाळ्यात मिळतं तेच, बेकरीतल्या केकवरची लाल चेरीसुद्धा बरेचदा करवंदाचीच असते. पण करवंद कण्हेरीच्या कुळातलं, क्रॅनबेरीशी त्याचं काही नातं नाही, त्यामुळे क्रॅनबेरीवरचे अभ्यास करवंदाच्या सरबताला लावता येत नाहीत.

ज्यूस काम कसा करतो यावर जुना वाद आहे. सुरुवात काही जण १८४० च्या दशकातल्या जर्मन रसायनतज्ञांपर्यंत नेतात, पण नक्की धागा सापडतो तो १९१४ पासून, ब्लॅदरविक नावाच्या संशोधकाने क्रॅनबेरी खाल्ल्यावर लघवी आम्ल होते असं दाखवलं, पुढे १९२३ मध्ये त्याचं कारण हिप्युरिक ॲसिड सांगितलं, आणि आम्ल लघवीत जंतू मरतात ही समजूत बरीच वर्षं चालली. १९५९ मध्ये बोडेल आणि सहकाऱ्यांनी तपासलं तर जंतू मारण्याइतकं ॲसिड साध्या ज्यूसमधून तयारच होत नव्हतं. १९८४ मध्ये सोबोटा या संशोधकाने वेगळंच सांगितलं, की ज्यूस जंतू मारत नाही, त्यांना चिकटू देत नाही. १९९४ मध्ये १५३ म्हाताऱ्या बायकांना रोज ३०० मिली ज्यूस किंवा तसंच दिसणारं नकली पेय देऊन पाहिलं, ज्यूसवाल्या गटात लघवीतले जंतू कमी सापडले, पण लघवी काही जास्त आम्ल झाली नव्हती. १९९८ पासून हॉवेल या संशोधिकेच्या कामातून ए-प्रकारची प्रोअँथोसायनिडिन्स ही क्रॅनबेरीतली द्रव्यं पुढे आली, ती ई. कोलायच्या (लघवीच्या इन्फेक्शनचा नेहमीचा जंतू) केसांसारख्या तंतूंना लघवीच्या पिशवीच्या आतल्या अस्तराला धरू देत नाहीत. हेच जास्त पटण्यासारखं आहे. गंमत म्हणजे आपल्याकडे जळजळीला मेडिकलवाला जे गुलाबी सिरप देतो ते लघवी अल्कलाइन करणारं, म्हणजे जुन्या ॲसिडच्या कल्पनेच्या बरोबर उलट.

उपयोग होतो तो टाळण्यासाठी, झालेलं इन्फेक्शन बरं करण्यासाठी नाही. कॉक्रेन (अनेक अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) च्या २०१२ च्या आढाव्यात फारसा फायदा दिसला नव्हता, २०२३ च्या आढाव्यात ५० अभ्यास धरून वारंवार त्रास होणाऱ्या बायकांत धोका साधारण २६ टक्क्यांनी कमी आढळला, वृद्धाश्रमातल्या लोकांत नाही. वजनाच्या ऑपरेशनवाल्यांचा त्यात वेगळा गट नाही. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०२० मध्ये रोज २४० मिली क्रॅनबेरी पेयाने बायकांत परत परत इन्फेक्शन होण्याचा धोका कमी होऊ शकतो, असा दावा लेबलवर लिहायला परवानगी दिली, तीसुद्धा पुरावा मर्यादित आहे असं लिहायला लावून.

ऑपरेशननंतर अडचण इथंच येते. बायपासमध्ये पोटाची पिशवी जेमतेम ३० मिलीची उरते, २४० मिली ज्यूस घोट घोट करत संपवायला तास-दीड तास, आणि तेवढ्या जागेत पाणी जायला पायजे होतं. चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४७ च्या वर जातो, पाणी कमी पडलं की लघवी गडद पिवळी, थोडी थोडी, आणि इन्फेक्शनला वाट मोकळी. बाटलीतल्या गोड क्रॅनबेरी ड्रिंकच्या एका ग्लासात साखर २५ ते ३० ग्रॅम, बायपासवाल्याला त्याने डम्पिंग होऊ शकतं: अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड, पोटात मुरडा, जुलाब. बिनसाखरेचा अस्सल ज्यूस इतका आंबट-तुरट की पोटाच्या नवीन पिशवीला झेपत नाही.

मुतखड्याचं वेगळं. बायपासनंतर न पचलेली चरबी आतड्यात कॅल्शियम धरून बसते, मग ऑक्झलेट (ज्याचे मुतखडे बनतात ते) मोकळं राहून रक्तात आणि तिथून लघवीत उतरतं. २००१ च्या एका छोट्या अभ्यासात, फक्त पाच निरोगी लोकांवर, क्रॅनबेरीच्या गोळ्यांनी लघवीतलं ऑक्झलेट ४३ टक्क्यांच्या आसपास वाढलं होतं. पाच माणसांवरून नियम बनत नाही, पण आधी खडा झालेला असेल तर गोळ्या काहून घ्यायच्या हा प्रश्न रास्त आहे.

रक्त पातळ करायची वॉरफेरिन चालू असेल तर क्रॅनबेरी टाळतात, ब्रिटनमध्ये २००३ मध्ये तशी सूचना निघाली होती. डी-मॅनोज (एक प्रकारची साखर) घातलेली पाऊचही खूप चालतात, २०२४ मध्ये ५९८ ब्रिटिश बायकांवरच्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही.

गावाकडे जळजळ आणि कंबरदुखीला डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन किंवा ब्रुफेन पटकन मिळतं, बायपासवाल्याला त्याने पोट-आतड्याच्या जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो, तेव्हा डॉक्टरला ऑपरेशनचं आधी सांगायचं. थंडी वाजून ताप, पाठीत दुखणं, उलटी, लघवीत रक्त किंवा पोटुशी बाई असेल तर ज्यूस-पाऊच बाजूला ठेवून लघवी तपासायची, कल्चर (कोणता जंतू आहे ते वाढवून पाहायची तपासणी) पाठवायचं, अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी, मधल्या धारेची लघवी मेडिकलच्या निर्जंतुक डबीत, घरच्या धुतलेल्या बाटलीत नाही.