शेवटचं इंजेक्शन: पेटला आणण्याआधी एवढं वाचा

(आमच्या क्लिनिकच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडे नेहमी येणाऱ्यांना लसीचं कार्ड, जंताचं औषध, गोचिडाची गोळी हे सगळं पाठ आहे, त्यावर इथे काही लिहीत नाही. हे पत्रक ज्यांच्या कुत्र्याचं किंवा मांजराचं आता बरं होण्यासारखं काही राहिलं नाही त्यांच्यासाठी आहे. किडनी गेलेली असते, कॅन्सर पसरलेला असतो, म्हातारा लॅब मागच्या पायांवर उभाच राहत नाही आणि मग फोन येतो, "डॉक्टर, त्याला आता मोकळं करूया, आज आणू का?" म्हणजे दयामरणाचं इंजेक्शन द्यायला. आणा, पण हे वाचून आणा, कारण एकाच गोष्टीपायी आमचा, तुमचा आणि मुख्य म्हणजे त्या जिवाचा फार वेळ जातो.

ती गोष्ट म्हणजे प्राणी येतो आणि मालक येत नाही.

गाडी दारात थांबते, ड्रायव्हर मागच्या सीटवरून चादरीत गुंडाळलेला कुत्रा उतरवतो, औषधांची पिशवी हातात देतो आणि म्हणतो, "साहेबांनी सांगितलंय, तुम्ही करून घ्या, मी गाडी लावून येतो." कधी घरकामाच्या ताई मांजराची बास्केट घेऊन येतात, त्यांना तर नेमकं काय करायचंय तेही कुणी धड सांगितलेलं नसतं. मग साहेबांना फोन लावावा तर ते मीटिंगमध्ये, मॅडमना लावावा तर त्या म्हणतात माझं अजून नक्की होत नाहीये, आणि पुण्याचा मुलगा म्हणतो मी शनिवारी येतोय तोवर थांबा. तोपर्यंत कुत्रा अनोळखी फरशीवर धापा टाकत पडलेला, बाहेर डबल पार्किंगवरून भांडण, आणि कांदिवलीहून दोन तास ट्रॅफिक काढून आलेली गाडी तशीच परत जाते. त्या कुत्र्याला हा हेलपाटा फुकट पडतो हो, दुसरं काही नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरचं "ओके डॉक्टर, प्रोसीड" आम्ही धरत नाही. लोकांना राग येतो, इतक्या वर्षांची ओळख आणि सही मागता? हो, मागतो. कायद्याच्या नजरेत पाळलेला प्राणी ही मालकाची मालमत्ता आहे, आणि दुसऱ्याचा प्राणी मारून त्याचं नुकसान करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली गुन्हा आहे, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. उद्या घरातलंच कुणी म्हणालं मला विचारलंच नव्हतं, तर आमच्याकडे कागद हवा. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम 13 बघा, रस्त्यात मरणाच्या दारात पडलेलं जनावर असेल आणि मालक हजर नसेल किंवा तयार नसेल तर पोलिसालाही आधी सरकारी पशुवैद्यकाचं सर्टिफिकेट आणि मग मॅजिस्ट्रेटची ऑर्डर घ्यावी लागते. पोलिसाला एवढं करावं लागतं तिथे आम्ही ड्रायव्हरच्या निरोपावर इंजेक्शन कसं भरणार?

तेव्हा ज्यांच्या नावावर पालिकेचं डॉग लायसन्स किंवा लसीचं कार्ड आहे त्यांनी स्वतः यायचं, फोटो असलेलं ओळखपत्र आणायचं. येणं शक्यच नसेल, म्हणजे परदेशात आहेत, स्वतः हॉस्पिटलमध्ये आहेत, तर सही केलेलं पत्र ईमेलने आदल्या दिवशी पाठवायचं आणि त्या वेळी व्हिडिओ कॉलवर राहायचं, हे चालतं. घरातला वाद घरी मिटवून या. मुलांना सांगायचं की नाही, आजींना आणायचं की नाही, हे आमच्या वेटिंग रूममध्ये ठरत नाही, आम्ही बघितलंय. आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे ट्रीटमेंट चालू असेल तर त्यांचे रिपोर्ट, सोनोग्राफी, ब्लड टेस्ट सगळं आणा, नाहीतर आम्हाला पुन्हा तपासावं लागतं, कारण तपासल्याशिवाय आम्ही हे करत नाही.

आता नियमांचं. पुष्कळ जण विचारतात की यासाठी काही स्टँडर्ड आहे का, का प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने करतो. नियम एका पुस्तकात नाहीत, तीन-चार ठिकाणी विखुरलेत, पण आहेत. 1960 च्याच कायद्याच्या कलम 11 मध्ये प्राण्याला, त्यात भटके कुत्रेही आले, हृदयात स्ट्रिकनीनचं इंजेक्शन देऊन किंवा विनाकारण क्रूर पद्धतीने मारणं गुन्हा आहे. भटक्या कुत्र्यांसाठी आधी 2001 चे आणि आता 2023 चे अ‍ॅनिमल बर्थ कंट्रोल रूल्स (प्राण्यांच्या संततिनियमनाचे नियम) आहेत, त्यात स्पष्ट लिहिलंय की बरा न होणारा किंवा मरणाची जखम झालेलाच कुत्रा मारायचा, तोही ठरलेल्या वेळेत, क्वालिफाइड पशुवैद्यकाने, दुसऱ्या कुत्र्यासमोर नाही, आणि मेल्याची खात्री झाल्याशिवाय विल्हेवाट नाही. हे रूल्स रस्त्यावरच्या कुत्र्यांचे आहेत, पण आम्ही घरच्या पेटलाही तेच लावतो. रस्त्यावरच्या कुत्र्याला जे मिळायला हवं त्याच्यापेक्षा तुमच्या ब्रूनोला कमी का?

म्हणून आमच्याकडे यासाठी आतली वेगळी खोली आहे आणि दुपारचीच वेळ आहे, तेव्हा ओपीडी बंद असते, बाजूच्या टेबलावर दुसरा कुत्रा भुंकत नसतो. संध्याकाळी सातला, गर्दीत, "दोन मिनिटांचं काम आहे" म्हणून आलात तर आम्ही नाही म्हणणार, पेन किलर देऊन दुसऱ्या दिवशीची वेळ देणार.

दोन मिनिटांचं नसतंच ते. आधी सेडेशन, म्हणजे गुंगीचं इंजेक्शन, मसलमध्ये, ते चढायला दहा-पंधरा मिनिटं जातात, तोवर तुम्ही त्याच्याजवळ बसायचं. मग पुढच्या पायावरचे थोडे केस ट्रिमरने काढून शिरेत कॅन्युला (बारीक नळी) लावतो, चिकटपट्टीने बसवतो, सलाईन सोडून बघतो शीर नीट लागलीये ना, आणि मगच औषध. भुलीच्याच जातीचं बार्बिट्युरेट असतं, डोस खूप जास्त, आधी भान जातं मग श्वास मग हृदय. क्रम महत्त्वाचा. स्वस्तात करून देणारे कुणी शुद्धीतल्या जनावराला थेट पोटॅशियम क्लोराइड (हृदय बंद पाडणारं औषध) देत असतील तर तिथून प्राणी उचलून घेऊन या, अमेरिकन व्हेटर्नरी मेडिकल असोसिएशनच्या 2020 च्या गाइडलाइनमध्ये ते फक्त पूर्ण बेशुद्ध प्राण्यालाच चालतं, हृदयात सुई घालण्याचंही तसंच. नंतर स्टेथोस्कोप लावून काही मिनिटं ऐकतो, डोळ्याच्या बुबुळाला हलका स्पर्श करून बघतो, मग सांगतो. डोळे उघडेच राहतात, एखादा मोठा श्वास येतो, स्नायू थरथरतात, लघवी होते, त्याला दुखतंय असं समजू नका, तो तेव्हा नसतो.

सकाळी पोटभर खायला घालून आणू नका, सेडेशनने उलटी होते. चिकन, आइस्क्रीम जे काय लाडाचं ते आदल्या रात्री द्या.

"घरी येऊन देता का" असं विचारतात, देतो, पण नोंदणीकृत पशुवैद्यक स्वतः येतो, कंपाउंडर नाही. आणि "औषध आमच्याकडे द्या, आम्ही देतो" हे तर अजिबात नाही, ते बार्बिट्युरेट म्हणजे पेंटोबार्बिटल, ते शेड्यूल एक्समध्ये (कडक नियंत्रणातल्या औषधांच्या सरकारी यादीत) आहे, कुलपात ठेवावं लागतं आणि रजिस्टरमध्ये लिहावं लागतं. चार्ज प्राण्याच्या वजनावर आहे कारण औषध वजनावर लागतं, फोनवर वजन सांगा, आकडा लगेच मिळेल. कुठेतरी याच्या अर्ध्यात होतं हे आम्हालाही माहितीये, सेडेशन वगळलं की होतंच.

काही गोष्टींना आम्ही नाही म्हणतो. फ्लॅट बदललाय, सोसायटी कटकट करते, बाळ होणारे, एवढ्यासाठी धडधाकट प्राणी मारत नाही, नवीन घर शोधायला मदत करू. कुणाला चावला असेल तर दहा दिवस निरीक्षणाखाली ठेवायचा, तो त्या दहा दिवसांत जिवंत आणि ठणठणीत राहिला तर चावलेल्या माणसाची रेबीजची काळजी मिटते, घाईघाईत संपवलात तर ते कळायचा सोपा मार्गच बंद. आणि सोसायटीच्या कमिटीचे सेक्रेटरी बिल्डिंगखालचा भटका कुत्रा घेऊन येतात त्यांना नम्र विनंती, तो निर्णय वरच्या 2023 च्या रूल्सप्रमाणे स्थानिक समितीने नेमलेल्या टीमचा आहे, तुमचा नाही आणि आमचाही नाही. जखमी असेल तर परळच्या बैलघोडा या प्राण्यांच्या हॉस्पिटलला दाखवा.

एक सांगू का, येणाऱ्यांपैकी पुष्कळांना खरं तर इंजेक्शनची वेळ आलेली नसते. सांधे दुखत असतात, दात सडलेला असतो, म्हणून खात नाही. त्यासाठी म्हाताऱ्या पेट्सची वेगळी तपासणी ठेवलीये, अर्धा तास देतो, खाणं-पिणं, झोप, उठणं-बसणं, लघवीवरचा ताबा सगळं विचारतो आणि मग स्पष्ट सांगतो, अजून वेळ आहे की नाही. शेवटच्या दिवशी विचारण्यापेक्षा महिनाभर आधी या.

नंतरचं. सोसायटीच्या बागेत पुरू नका. औषध शरीरात राहतं, घूस, कावळा, घार, दुसरा कुत्रा कुणीही उकरून खाल्लं की त्याला विषबाधा होते. मालाड पश्चिमेला पालिकेची पीएनजीवर (पाइप गॅसवर) चालणारी पाळीव प्राण्यांची दहनव्यवस्था 2023 पासून आहे, तिथली वेळ घ्यायला आणि लागणारं मृत्यूचं सर्टिफिकेट द्यायला आम्ही मदत करतो. पट्टा, थोडे केस हवे असतील तर आधीच सांगा, काढून ठेवतो. डॉग लायसन्स रद्द करायला तेच सर्टिफिकेट लागेल, झेरॉक्स काढून ठेवा.

बिल मात्र आत जाण्याआधीच भरून टाका, बाहेर येताना काउंटरवर उभं राहायची कुणाची मनःस्थिती नसते. गाडी मागच्या गेटला लावता येते, वॉचमनला आपण येणार म्हणून सांगून ठेवलेलं असतं.