उद्धरण-प्रभाव (संशोधकाचा)

संशोधकाने किती शोधनिबंध प्रसिद्ध केले आणि इतर अभ्यासकांनी आपल्या लेखनात त्यांचा किती वेळा संदर्भ दिला, यावरून केले जाणारे त्याच्या कामाचे मोजमाप. असा प्रत्येक संदर्भ म्हणजे एक उद्धरण. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील प्राध्यापक मंडळी याला सरळ 'सायटेशन' म्हणतात. बढतीचा अर्ज किंवा नॅकची (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) फाइल तयार होऊ लागली की हा शब्द स्टाफरूममध्ये हमखास ऐकू येतो.

अमेरिकी माहितीशास्त्रज्ञ युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली उद्धरणांची सूची करण्याची कल्पना मांडली आणि १९६४ मध्ये 'सायन्स सायटेशन इंडेक्स' ही सूची प्रसिद्ध केली. जुन्या निबंधाचा धागा पुढे कोणी नेला हे ग्रंथालयात बसून शोधता यावे, हा मूळ हेतू. माणसांची प्रतवारी लावणे हा तिचा उपयोग नंतरचा. २००४ साली स्कोपस आणि गूगल स्कॉलर या इंटरनेटवरच्या सूची सुरू झाल्या आणि हे आकडे घरबसल्या दिसू लागले.

सर्वाधिक चलनात असलेला एच-निर्देशांक भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवला. किमान तितकीच उद्धरणे मिळालेले जितके निबंध असतील, त्यातला मोठ्यात मोठा आकडा म्हणजे हा निर्देशांक. समजा, एखाद्याच्या सहा निबंधांना अनुक्रमे ४०, २२, ९, ५, ४ आणि १ उद्धरणे आहेत. किमान चार उद्धरणे मिळालेले किमान चार निबंध येथे आहेत. पाच उद्धरणांचे पाच निबंध मात्र नाहीत. म्हणून निर्देशांक ४. पहिल्या निबंधाची उद्धरणे उद्या ४० वरून ४०० झाली तरी तो चारच राहतो. शिवाय तो कधी उतरत नाही, त्यामुळे निवृत्तीला आलेल्या माणसापुढे नवा संशोधक नेहमीच तोकडा दिसतो.

खरी गफलत दोन विषयांची तुलना करताना होते. हिर्श यांनीच दाखवले होते की भौतिकशास्त्रातील एडवर्ड विटन यांचा निर्देशांक ११०, तर जीवविज्ञानातील सॉलोमन स्नायडर यांचा १९१. म्हणून विटन उणे ठरत नाहीत. वैद्यकात निबंध भराभर निघतात आणि संदर्भांच्या याद्या लांब असतात; गणितात दोन्ही कमी. विषय न विचारता आकडा मागणाऱ्या निवड समितीच्या हाती फारसे काही लागत नाही.

बेळगाव जिल्ह्यातच याची दोन टोके सापडतात. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी तोंडावाटे द्यायच्या मिसोप्रोस्टॉल गोळ्यांची चाचणी येथील ग्रामीण भागात १,६२० स्त्रियांवर झाली. ही गोळी घेतलेल्यांत अतिरक्तस्रावाचे प्रमाण ६.४ टक्के, तर औषध नसलेली गोळी घेतलेल्यांत १२ टक्के निघाले. हे निष्कर्ष २००६ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि जगभरच्या प्रसूतिशास्त्रात त्यांचा हवाला दिला गेला. अशा निबंधावर अनेक लेखक असतात आणि प्रत्येकाच्या खात्यात पूर्ण उद्धरणे जमा होतात. कोणाचा वाटा किती, हे निर्देशांक सांगत नाही.

दुसरे टोक खानापूर तालुक्यातील जंगलात. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांमधील वटवाघळाचे वर्णन ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफिल्ड थॉमस यांनी १९१३ साली केले. ओटोमॉप्स रॉटनी नावाची ही जात पुढे कित्येक दशके जगात फक्त तेथूनच माहीत होती. आजही वर्गीकरणशास्त्रज्ञ जातीच्या नावापुढे 'थॉमस, १९१३' असे लिहितात. पण मूळ निबंध शेवटच्या संदर्भयादीत बहुधा घालत नाहीत, आणि यादीत नसलेले संगणक मोजत नाही. शंभर वर्षे नाव घेतले जाऊनही उद्धरण जवळपास शून्य, असा हा प्रकार.

मराठीतून लिहिणाऱ्यांची तऱ्हा आणखी निराळी. सीमाभागातील शिलालेख, लोकदैवते किंवा मराठी-कानडी देवघेव यांवरचे लेखन ग्रंथ, स्मरणिका आणि त्रैमासिकांतून येते. मोठ्या आंतरराष्ट्रीय सूचींत त्यातले फारच थोडे शिरते. अशा अभ्यासकाचा कमी आकडा त्याच्या कामाविषयी नव्हे, सूचीच्या आवाक्याविषयी सांगतो.

नोंदी जुळवतानाही अडचणी येतात. शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी बदलल्याने एकाच संस्थेचा पत्ता आधी 'बेळगाम' आणि नंतर 'बेळगावी' असा सापडतो. पाटील आडनावाचे आणि त्याच आद्याक्षरांचे अनेक संशोधक एकाच खात्यात मिसळतात; काहींच्या नावात आडनाव आधी छापलेले असते. यावर उपाय म्हणून २०१२ पासून 'ऑर्किड' हा सोळा अंकी ओळख-क्रमांक मिळतो. तो संशोधकाने स्वतः काढायचा असतो आणि निबंध पाठवताना नोंदवायचा असतो.