सड्यावरचं बेट आणि समुद्रातलं बेट

पावसाळा सरत आला की पन्हाळ्याच्या पुढं मसाई पठारावर जावं. पायाखाली जांभ्याचा कातळ आणि त्यावरच्या बोटभर मातीत सीतेची आसवं, गेंद, किडे खाणारं दवबिंदू. खाली उसाच्या फडात यातलं काही उगवत नाही. या झाडांपुरता सडा, म्हणजे हे उघड्या कातळाचं पठार, बेटच, फक्त भोवती समुद्राऐवजी शेती.

रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन या दोन जीवशास्त्रज्ञांनी १९६७ साली बेटांचं गणित मांडलं. बेट जितकं मोठं आणि मुख्य भूमीला जितकं जवळ, तितक्या तिथं सजीवांच्या जाती जास्त. गणित सुरेख आहे, पण त्यात बेटावर राहणारी माणसं नाहीत, आणि खरी गुंतागुंत तिथंच सुरू होते.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला सुमारे ६०० किलोमीटरवर लॉर्ड हाव नावाचं बेट आहे. वस्ती साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या लहान वाडीएवढी. १९१८ साली एक जहाज खडकाला लागलं आणि त्यातून काळे उंदीर किनाऱ्यावर उतरले. जगात दुसरीकडं कुठंही नसलेले तिथले पाच पक्षी संपले. उंदरांचा नायनाट करायचा तर विषारी आमिष हा एकच मार्ग उरला होता. निर्जन डोंगरावर ते हेलिकॉप्टरनं टाकता येतं, पण वस्तीचं काय? एका घरानं दार उघडलं नाही आणि तिथं एक जोडी उरली, तरी सगळा खटाटोप वाया. लोकांचे प्रश्नही रास्त होते. अंगणात खेळणाऱ्या पोरांचं काय, गाईंचं काय, पर्यटक आलेच नाहीत तर पोटाचं काय? वाद कित्येक वर्षं चालला. २०१५ साली मतदान झालं, तेव्हा बाजूनं जेमतेम ५२ टक्के. मोहीम झाली २०१९ साली. त्याआधी तिथल्या न उडणाऱ्या रानकोंबड्या पकडून पिंजऱ्यात सुरक्षित ठेवल्या होत्या. सोडल्यावर काही वर्षांतच त्यांची संख्या कित्येक पटींनी वाढली.

मला या गोष्टीत विषापेक्षा ती मधली वर्षं मोलाची वाटतात. विज्ञानाकडं उपाय आधीपासून होता. वेळ लागला तो शेजाऱ्याशेजाऱ्यांत विश्वास जमायला.

आपल्याकडंही तेच आहे. राधानगरीचं अभयारण्य २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, त्याचा अभिमान सगळ्या कोल्हापूर जिल्ह्याला. पण गवा रात्री पिकात शिरला की नुकसान एकाच शेतकऱ्याचं. जिल्ह्यातल्या काही सड्यांवर बॉक्साइटच्या खाणी आल्या. तिथं दगड निघाला की वरची बोटभर मातीही गेली, आणि ती पुन्हा साठायला माणसाचं आयुष्य पुरत नाही.

मसाईवर मात्र गुरं चरतात, देवीचं देऊळ आहे, जुलैत पावनखिंडीची वाट चालणारे शेकड्यांनी येतात. ओल्या सड्यावर गाडी फिरली तर चाकांच्या चाकोऱ्या मागं राहतात. गाड्या कुठं थांबवायच्या हे ठरवायचं वर गुरं राखणाऱ्यांच्या हाती दिलं, तर ते त्या कुठं थांबवतील? पुढच्या खेपेला मी त्यांनाच विचारणार आहे.