भिंतीआडचा पाइप दिसतो, पण नेमक्या जागी दिसतो का?

मुंबईत पुनर्विकासाच्या इमारतींत फॉल्स सीलिंगच्या वर जेमतेम फूट-दीड फूट जागा मिळते. एसीची डक्ट, स्प्रिंकलरची लाइन, केबल ट्रे, ड्रेनेज, सगळं तेवढ्यात बसवायचं. अशा ठिकाणी टॅब्लेट छताकडे धरला की इमारतीच्या त्रिमितीय संगणकी मॉडेलमधली डक्ट समोरच्या बीममध्ये घुसलेली दिसते, तीही पत्रा कापायच्या आधी. ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या खऱ्या दृश्यावर संगणकाचं चित्र बसवणाऱ्या एआरचा, साइटवरचा सगळ्यात रोकडा फायदा हाच. बोइंगमध्येही १९९०च्या सुमारास ही कल्पना पुढे आली ती विमानातल्या वायरींच्या जुड्या बांधणाऱ्या कामगारांसाठी.

खरी अडचण चित्र जागेवर ठेवण्याची. जीपीएस काही मीटर चुकतो आणि स्लॅबखाली मिळतही नाही. होकायंत्र सळयांजवळ भरकटतं. म्हणून कॅमेरा भिंतीवरचे कोपरे, डाग, भेगा हेरतो आणि जायरोस्कोपच्या, म्हणजे फिरणं मोजणाऱ्या सेन्सरच्या, जोडीने स्वतःची जागा ठरवत राहतो. कोऱ्या पीओपीवर, काचेसमोर किंवा अंधाऱ्या बेसमेंटमध्ये हेरायला काहीच नसतं, मग चित्र वाहून जातं. अशा वेळी हॅलोजन लावा, भिंतीवर वर्तमानपत्राची पानं चिकटवा. तेवढ्याने बराच फरक पडतो.

सुरुवातीची जुळणी मार्करने, म्हणजे कॅमेऱ्याला ओळखता येणाऱ्या छापील नमुन्याने होते. ए३ आकाराचा, मॅट कागदावर छापलेला मार्कर कॉलमवर डोळ्यांच्या उंचीला लावावा. चकचकीत लॅमिनेशन नको, दिव्याचं प्रतिबिंब पडून कॅमेरा चुकतो. कागदाची एक बाजू भिंतीपासून सात मिलिमीटर सुटली तरी मार्कर एका अंशाने फिरतो आणि दहा मीटरवरचा पाइप सतरा सेंटिमीटर सरकलेला दिसतो! म्हणून शक्यतो दुसरा मार्कर लांबच्या कॉलमवर लावावा. मग तिसऱ्याच एखाद्या कोपऱ्यावर टेप धरून पडताळा घ्यावा.

एक चूक मात्र ऑफिसातच होते. सर्व्हेच्या यूटीएम (जागा मीटरमध्ये सांगणारी नकाशाची जाळी) निर्देशांकांत मुंबई विषुववृत्तापासून सुमारे २१ लाख मीटरवर येते. मोबाइलची ग्राफिक्स प्रणाली बहुधा ३२ बिटांचे दशांश आकडे वापरते, आणि एवढ्या मोठ्या आकड्यांवर त्यांची पायरी, म्हणजे दोन लगतच्या आकड्यांमधलं अंतर, पंचवीस सेंटिमीटरची होते. मॉडेल थरथरतं, पाइप वेडेवाकडे दिसतात. मॉडेल निर्यात करण्याआधी त्याचा आरंभबिंदू इमारतीच्याच एखाद्या कॉलमवर आणला की हा त्रास संपतो.

आयटीआयच्या वर्गात हे सगळं सोपं जातं. टेबलावरच्या गिअरबॉक्सला मार्कर लावला, की हाताच्या अंतरावर एका अंशाची चूक सेंटिमीटरभराची. कुठला बोल्ट आधी सोडायचा हे कळायला तेवढं पुरतं. ड्रिल मारायला मात्र पुरत नाही. शिवाय मॉडेल दाखवतं ते ड्रॉइंगमधलं; प्लंबरने ऐन वेळी पाइप चार इंच सरकवला असेल तर ते त्याला ठाऊक नसतं. त्यामुळे प्लास्टर करण्याआधी प्रत्येक भिंतीचे टेप धरून फोटो घ्यावेत किंवा स्कॅन करावं, त्यावरून मॉडेल सुधारावं आणि ड्रिलआधी भिंतीआडचे पाइप-वायर शोधणारा डिटेक्टर फिरवावाच.