मंगळावरचा बर्फ आणि कॅरमची सोंगटी

'मंगळावर पाणी सापडलं' ही बातमी दर दोन-चार वर्षांनी येते आणि दर वेळी कुणीतरी विचारतंच, "अहो, मागे सापडलं होतं ना?" सापडलं होतं, पण ते पाणी नव्हे, बर्फ. तोही बराचसा मातीखाली गाडलेला. मग चारशे किलोमीटर उंचीवरून घिरट्या घालणाऱ्या यानाला तो कळतो कसा?

कॅरम आठवा. सोंगटी फ्रेमवर आपटली की जवळपास तेवढ्याच वेगाने परत येते. तीच दुसऱ्या सोंगटीवर समोरासमोर बसली, तर स्वतः जागीच थबकते आणि दुसरी सुटते. वजन सारखं असेल तर एका टकरीत सगळा वेग देऊन टाकता येतो.

मंगळाची हवा विरळ, त्यामुळे कॉस्मिक किरण, म्हणजे अंतराळातून येणारे अतिवेगवान कण, थेट जमिनीवर आदळतात आणि मातीतल्या अणुकेंद्रांतून न्यूट्रॉन उडवतात. सिलिकॉनचं केंद्र न्यूट्रॉनच्या २८ पट जड, लोहाचं ५६ पट. ही झाली फ्रेम. हायड्रोजनचं केंद्र मात्र न्यूट्रॉनच्याच वजनाचं. मातीत हायड्रोजन भरपूर असेल, तर न्यूट्रॉन चटकन मंदावतात. त्यामुळे मध्यम वेगाच्या, म्हणजे 'एपिथर्मल' न्यूट्रॉनांची वर पोचणारी संख्या घटते. मंदावलेला न्यूट्रॉन हायड्रोजनने गिळला की ठरावीक, २.२ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचा गॅमा किरण निघतो, ही आणखी एक खूण. २००२ साली मंगळाभोवती घिरट्या घालणाऱ्या 'मार्स ओडिसी' यानाला दोन्ही ध्रुवांभोवती, साधारण ६० अंश अक्षांशाच्या पलीकडे, नेमकं हेच दिसलं.

आमच्याकडे बोअर मारण्याआधी पाणाड्या तळहातावर नारळ ठेवून शेतभर फिरतो. नारळ उभा राहिला की पाणी! कोरडी गेलेली बोअर मात्र कुणी मोजत नाही. ओडिसीचा नारळ बरा, पण तोही जेमतेम मीटरभर खोलीपर्यंतचंच सांगतो. शिवाय हायड्रोजन म्हणजे बर्फच असं नाही, पाणी धरून ठेवणारी खनिजंही असतात. म्हणजे खणणं आलंच.

२००८ साली 'फीनिक्स' यान ६८ अंश उत्तरेला उतरलं आणि यंत्रहाताने चर खणू लागलं. काही सेंटिमीटरांवरच पांढरं काहीतरी लागलं. चराच्या एका कोपऱ्यात फाशांएवढे आठेक खडे पडले होते. मीठ की बर्फ, यावर वाद रंगला. चार दिवसांनी पुन्हा फोटो काढला, तर खडे गायब. मीठ असतं तर जागेवरच राहिलं असतं.