बोर्डिंग गेलं, मग काय? ग्रामीण विदर्भातल्या ख्रिस्ती किशोरसेवेची पार्श्वभूमी

ग्रामीण विदर्भातल्या कुठल्याही मंडळीत, म्हणजे गावच्या चर्चमध्ये, पाळकसाहेबांजवळ जरा वेळ बसलं, की एक तक्रार निघतेच. रविवारच्या शब्बाथ शाळेला लहान मुलं येतात, उपासनेला बायामाणसं आणि म्हातारी माणसं येतात, पण आठवी ते बारावीची पोरं दिसत नाहीत. दोष कधी मोबाइलला दिला जातो, कधी शहराला, कधी आईबापांना. माझ्या मते ही पोकळी मोबाइलच्या कितीतरी आधीची आहे. या वयाच्या मुलामुलींसाठी आपल्या मंडळ्यांनी स्वतःची सेवा फार उशिरा उभी केली, कारण दोन-तीन पिढ्या हे काम मिशनच्या बोर्डिंगने, म्हणजे वसतिगृहाने, केलं. बोर्डिंग बंद झालं, तेव्हा त्याच्या जागी काय आणायचं याचा विचार कुणी केला नाही.

सुरुवात शहरात झाली. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले आणि त्यांनी शाळा काढली. त्यांचा भर शिक्षणावर होता. शिकलेल्या तरुणाशी वाद घालावा, त्याला विचार करायला लावावं, ही त्यांची पद्धत. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना नाल्याच्या पुरात त्यांचा अंत झाला. १८८३ मध्ये सुरू झालेलं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. पण हा सगळा प्रवाह नागपूरच्या इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचा होता. वऱ्हाडातल्या कापसाच्या गावांपर्यंत तो पोचला नाही.

गावांत जे घडलं ते दुष्काळामुळे. १८९६-९७ आणि पाठोपाठ १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाड होरपळून निघाला. दुसरा तर, विक्रम संवत १९५६ वरून, लोकांच्या तोंडी ‘छप्पन्नचा दुष्काळ’ म्हणून राहिला. आईबाप गेलेली, रस्त्यावर आलेली मुलं मिशनच्या दारात गोळा झाली. अलायन्स मिशनने मुलांना अकोल्यात आणि मुलींना खामगावात आसरा दिला. पंडिता रमाबाई मध्य प्रांतात स्वतः फिरल्या आणि उपाशी मुली पुणे जिल्ह्यात केडगावला घेऊन गेल्या. म्हणजे आपल्याकडे मंडळी आणि किशोरवयीन मूल यांची पहिली मोठी गाठ पडली ती भाकरीच्या प्रश्नावर. सुवार्ता सांगायला कुणी त्यांच्या गावात गेलं म्हणून ती पडली नाही. मुलं आधी जगवायची होती. नंतर त्यांना शिकवणं आलं, हाताला काम देणं आलं, त्यांची लग्नं लावून देणं आलं.

पुढे मिशनांनी जणू इलाखे वाटून घेतले. यवतमाळकडे फ्री मेथॉडिस्ट, अकोला-अमरावतीकडे अलायन्स, बुलडाणा आणि नंतर वाशिमकडे नाझरीन, नागपूर-वर्धा-भंडाऱ्याकडे स्कॉटिश मिशन, चांद्याकडे (आजचं चंद्रपूर) स्कॉटिश एपिस्कोपल, मेळघाटच्या डोंगरात कोरकू आदिवासींसाठी वेगळं मिशन. कॅथलिक पंथाचं कामही नागपुरात १८४० च्या दशकापासून होतं. तिकडे १८८७ मध्ये नागपूरचा धर्मप्रांत झाला आणि १९५५ मध्ये अमरावतीचा वेगळा निघाला. पंथ कुठलाही असो, मिशन कंपाउंडचा नकाशा मात्र सारखाच दिसे: बंगला, देऊळ (म्हणजे चर्च), दवाखाना, शाळा आणि बोर्डिंग. दुष्काळातल्या अनाथांसाठी उघडलेलं वसतिगृह हळूहळू खेड्यापाड्यांतल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या मुलांसाठी राहिलं, कारण गावात चौथीच्या पुढे शाळाच नव्हती.

या बोर्डिंगच्या आठवणी जुन्या घरांत अजून निघतात. पहाटे घंटा व्हायची. अंथरुणं गुंडाळून झाडलोट, विहिरीवरून पाणी, मग प्रार्थना. ज्वारीची भाकर आणि वरण. शाळा सुटली की बागेत किंवा सुतारकामाच्या खोलीत काम. रात्री कंदिलाभोवती बसून बायबलचं वचन पाठ करायचं आणि न अडखळता म्हणून दाखवायचं. शिस्त कडक होती आणि घरची आठवण फार यायची, हे सांगणारे आहेत. तिथेच वाचायला, गायला आणि चारचौघांत उभं राहून बोलायला शिकलो, असंही तेच लोक सांगतात. पुढच्या पिढीचे शिक्षक, नर्सा, कंपाउंडर, वस्त्यांत जाऊन बायबल सांगणाऱ्या बायबलबाया आणि पाळक यांतले कितीतरी जण या बोर्डिंगांतून निघाले.

मला या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. त्या काळी खेड्यातल्या गरीब घरात किशोरवय म्हणून काही उरतच नव्हतं. पोरगा हाताशी आला की शेतावर आणि पोरगी थोडी वाढली की सासरी. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यातही स्थानिक ख्रिस्ती वर सोळा वर्षांच्या वर आणि वधू तेरा वर्षांच्या वर एवढीच अट होती. शारदा कायद्याने मुलीचं किमान वय चौदा आणि मुलाचं अठरा केलं, तेही १९३० पासून. अशा काळात मुलगी पंधरा-सोळा वर्षांची होईपर्यंत बोर्डिंगमध्ये शिकत राहिली, याचा अर्थ तिला आयुष्याची तीन-चार वर्षं जादा मिळाली. त्या वर्षांत ती स्वतःच्या विश्वासाबद्दल स्वतः विचार करू शकली. आज आपण किशोरसेवा म्हणतो तिची पहिली गरज हीच असते.

गाण्यांचा वाटा यात मोठा आहे. नारायण वामन टिळक १८९० नंतर काही वर्षं नागपुरात होते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी लिहिलेली भजनं आणि अभंग पंथांच्या भिंती ओलांडून सगळीकडे पोचले. वाशिमचा पोरगा आणि भंडाऱ्याची पोरगी वेगळ्या मिशनमध्ये वाढली, तरी पेटी आणि ढोलकीवर तीच भजनं म्हणू शकली. परदेशी चालींची भाषांतरित गीतं होतीच, पण गावच्या पोरांना मोकळं केलं ते भजनाने.

तरुणांच्या संघटनांचा उगम बाहेरचा. लंडनमध्ये १८४४ साली वायएमसीए निघाली, पण आपल्याकडे ती शहरांपुरती राहिली. शब्बाथ शाळांचा अखिल भारतीय संघ १८७६ चा. गावांत जे रुजलं ते ख्रिश्चन एंडेव्हर. अमेरिकेत मेन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये फ्रान्सिस क्लार्क या पाळकांनी २ फेब्रुवारी १८८१ रोजी आपल्या मंडळीतल्या तरुणांना जमवलं आणि त्यांच्याकडून एक प्रतिज्ञा घेतली: रोज प्रार्थना, रोज शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, वाचन आणि आठवड्याच्या सभेत प्रत्येकाने काहीतरी भाग घ्यायचा. ही तिसरी अट फार शहाणपणाची होती. सभा पाळकाची राहिली नाही, पोरांची झाली. मिशनऱ्यांबरोबर ही पद्धत भारतात आली आणि तिच्यातून आपल्या मंडळ्यांतला ‘तरुण संघ’ घडला. अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार, वर्गणीची वही, शनिवारची किंवा रविवार संध्याकाळची सभा, हे सगळं त्याच वळणाचं.

पण तरुण संघात एक खोट राहिली आणि ती अजून आहे. त्याला वयाची खालची-वरची सीमा नाही. तेरा वर्षांचा पोरगा आणि दोन लेकरांचा बाप एकाच सतरंजीवर बसतात. बोलतो तो मोठा, लहान मान खाली घालून ऐकतो. बोर्डिंग होतं तोवर हे खपलं, कारण तेरा-चौदाची मुलं बोर्डिंगच्या स्वतंत्र सभेत होती.

स्वातंत्र्यानंतरच्या दहा वर्षांत पाया हलला. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हिंदूखेरीज इतर धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातीचा मानायचं नाही असं ठरलं. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात जागा मिळाली, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. अनुसूचित जमातींना ही अट नाही, म्हणून मेळघाटातल्या ख्रिस्ती कोरकू मुलाचा दाखला टिकतो आणि यवतमाळकडच्या ख्रिस्ती मातंग कुटुंबातल्या मुलाचा टिकत नाही. हा प्रश्न नेमका दहावीच्या आसपास येऊन उभा राहतो. फॉर्म भरताना बाप म्हणतो, कागदावर जुनंच असू दे. पोरगा दर रविवारी एक म्हणतो आणि कागदावर दुसरं लिहितो, आणि पंधराव्या वर्षी त्याला ते बोचतं. याबद्दल त्याच्याशी उघड, प्रेमाने बोलणारं कुणी नसेल तर तो मंडळीपासून दूर सरकतो. त्याला दुबळा विश्वासी ठरवणं मला मान्य नाही.

१९५४ मध्ये मध्य प्रदेश सरकारने न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी समिती नेमली. तेव्हा विदर्भ मध्य प्रदेशातच होता आणि राजधानी नागपूर. १९५६ मध्ये आलेल्या अहवालात शाळा, दवाखाने, वसतिगृहं यांच्या आडून धर्मांतर होतं, असा ठपका होता. ख्रिस्ती संस्थांनी तो नाकारला. वाद आजही मिटलेला नाही. पण मुलांपुरतं बोलायचं तर संविधानाच्या कलम २८(३) ने रेषा आधीच आखून दिली होती: सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसवायचं असेल तर त्याची संमती हवी, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकाची. ही रेषा योग्यच आहे. दुसऱ्याच्या लेकराशी देवाबद्दल बोलायचं तर त्याच्या आईबापाला डावलून बोलता येत नाही, हे आपण कायद्याच्या भीतीने पाळायची गोष्ट नव्हे.

त्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि दोन दिवसांनी चांद्यातही दीक्षा सोहळा झाला. गावोगावचा महार समाज बौद्ध झाला. ज्या वस्त्यांत बायबलबाया वर्षानुवर्षं जात होत्या, तिथल्या तरुणांना स्वाभिमानाची स्वतःची वाट मिळाली. ख्रिस्ती तरुणाच्या शेजारी आता भीमजयंतीला नाचणारा, वाचनालय चालवणारा बौद्ध तरुण उभा होता. मंडळीतल्या पोरांनाही ते चैतन्य दिसत होतं, आणि आपल्याकडे तसं काय आहे हा प्रश्न त्यांना पडत होता.

दरम्यान यवतमाळला १९५३ मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी ही धर्मशिक्षणाची संस्था सुरू झाली आणि देशभरातले विद्यार्थी विदर्भाच्या या गावात शिकायला आले. तीस वर्षांनी, १९८३ मध्ये, सेमिनरी पुण्याला गेली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अनेक पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. अलायन्स, फ्री मेथॉडिस्ट आणि नाझरीन मंडळ्या त्या ऐक्याबाहेर राहिल्या, म्हणून तरुणांचं कामही तुकड्यातुकड्यांतच चाललं.

आणि बोर्डिंग? ते एका दिवसात बंद झालं नाही. परदेशी मिशनऱ्यांना व्हिसा मिळणं अवघड झालं, बाहेरचा पैसा आटला. खाजगी संस्थांची हायस्कुलं तालुक्यापासून मोठ्या गावांपर्यंत आली, आदिवासी मुलांसाठी सरकारी अनुदानाच्या आश्रमशाळा निघाल्या, तेव्हा आईबापांनाही मूल दूर ठेवायची गरज उरली नाही. पुढे परदेशी देणग्यांचे कायदे कडक होत गेले आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्याने मुलांना ठेवून सांभाळणाऱ्या संस्थांना नोंदणी सक्तीची केली. लेकरांच्या सुरक्षेसाठी तशी नोंदणी हवीच होती. पण इमारती रिकाम्या पडल्या, आणि मूल घरी राहून शिकू लागलं तेव्हा त्याची रोजची प्रार्थना, वचनपाठ आणि मोठ्यांची सोबत ही जबाबदारी घराने घ्यायची की मंडळीने, हे ठरलं नाही. आईबाप दिवसभर मजुरीला असत आणि पाळकाकडे चार-पाच गावं असत.

त्यातून शिबिर आलं. विदर्भात मे महिन्यात ऊन पंचेचाळीसच्या घरात जातं, म्हणून उन्हाळ्याचे सुट्टीतले बायबल वर्ग सकाळी सात ते दहा उरकावे लागतात. मोठ्या मुलांची शिबिरं दिवाळीच्या सुट्टीत घ्यावीत तर तेव्हा कापूस वेचणीला येतो आणि घरात प्रत्येक हाताची गरज असते. तरी ती भरतात. शिबिरातली वचन शोधण्याची स्पर्धा एकदा बघावी. शास्त्र दोन्ही हातांनी डोक्यावर धरायचं. पुढारी पुस्तक, अध्याय आणि ओवी पुकारतो, सगळे तीच ओळ एका सुरात म्हणतात, आणि ‘शोधा’ म्हटलं की पानांची सळसळ होते. ज्याचं बोट आधी ओवीवर पडेल त्याने उभं राहून वाचायचं. बऱ्याचदा एखादी किडकिडीत, घरी तोंड न उघडणारी पोर सगळ्यांना मागे टाकते. डिसेंबरातली नाताळची फेरीही तशीच. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पेटी, ढोलकी, खंजिरी घेऊन रात्रभर घरोघर गायचं. त्या रात्री तरुण संघाचा कारभार खरोखर पोरांच्या हातात असतो. दर घरी मिळणाऱ्या करंज्या-चिवड्याचा हिशेबही तेच ठेवतात.

शिबिर चार दिवसांचं असतं, फेरी एका रात्रीची. बोर्डिंग वर्षाचे दहा महिने होतं. हा फरक मान्य केल्याशिवाय पुढचं काम नीट आखता येणार नाही. मोठ्या वक्त्याला बोलावून केलेल्या सभांनी तो भरून निघत नाही, कारण सभेनंतर सोमवारी त्या पोराची विचारपूस करायला कुणी नसतं. यवतमाळसारख्या जिल्ह्यात, जिथे कर्जापायी बाप गेलेली मुलं वर्गावर्गात आहेत, ती विचारपूसच सेवा आहे.

काही मंडळ्यांनी यावर साधे उपाय काढले आहेत. तेरा ते अठरा वयाचा गट तरुण संघापासून वेगळा काढला, त्याला एक दादा आणि एक ताई दिली, मुलामुलींसोबत कधीही एकटा मोठा माणूस नको असा नियम केला, शिबिराच्या फॉर्मवर आईबापाची सही घेतली. मोठं गळतं भोक अजून दहावीनंतरचं आहे. पोरगी अमरावतीला अकरावीला जाते, पोरगा पोलीस भरतीच्या तयारीला नागपुरात खोली घेतो, आणि तिथल्या मंडळीला त्यांचा पत्ताच नसतो. पूर्वी कुटुंब दुसऱ्या गावी राहायला गेलं की पाळक तिथल्या पाळकाच्या नावे पत्र देत. हे पत्र आता सोळा वर्षांच्या विद्यार्थ्यालाही द्यावं, आणि त्याच्या आधी, त्याच्या घरच्यांना विचारून, तिकडे एक फोन करावा. जूनअखेरीस आपल्याकडे शाळा-कॉलेजं उघडतात, त्याआधी प्रत्येक मंडळीने निदान ही यादी तरी तयार ठेवावी.