पामाहिइन (फिलिपिन्समधील लोकसमजुती)

फिलिपिन्समधील शुभाशुभाच्या कल्पना, विधिनिषेध आणि अदृश्य शक्तींविषयीच्या समजुती यांना तागालोग भाषेत पामाहिइन म्हणतात. देशात कॅथलिक बहुसंख्य आहेत, शिक्षणही सर्वदूर पोहोचले आहे. तरी घर बांधताना, लग्न ठरवताना, मर्तिकाच्या वेळी आणि मुलाला ताप आला की पामाहिइन आठवतेच. ‘वाला नामांग मावावाला’, म्हणजे पाळल्याने आपले जाते काय, हे त्यावरचे ठरलेले उत्तर. घरगुती रीतींपुरते ते खरे आहे. समजूत आजाराचे कारण सांगू लागली, की मात्र कधीकधी जीवच जातो.

घरगुती रीती पुष्कळ आहेत. जिन्याच्या पायऱ्या ‘ओरो, प्लाता, माता’ असे म्हणत मोजतात. हे शब्द स्पॅनिश वळणाचे असून त्यांचा अर्थ सोने, चांदी, मृत्यू असा घेतला जातो. शेवटची पायरी ‘माता’वर पडू नये म्हणून घर बांधणारे एखादी पायरी वाढवतात किंवा कमी करतात. सख्ख्या भावंडांनी एकाच वर्षात लग्न करायचे नाही, हा ‘सुकोब’चा नियम. मयताच्या जागरणाहून परतताना थेट घरी जायचे नाही, वाटेत कुठेतरी थांबायचे, म्हणजे मृताचा आत्मा मागोमाग घरात येत नाही. याला ‘पागपाग’ म्हणतात. हल्ली हा थांबा बहुधा एखाद्या कॉफीच्या दुकानात होतो. खून झालेल्याच्या शवपेटीवर कोंबडीचे पिल्लू सोडतात. ते काचेवर चोच मारत राहते, तशी खुन्याच्या मनाला टोचणी लागते, अशी श्रद्धा आहे.

१५६५ मध्ये स्पॅनिश सत्ता रुजू लागण्यापूर्वी गावातले आत्म्यांशी बोलण्याचे आणि औषधपाण्याचे काम बाबायलान करत. त्या बहुतेक स्त्रिया असत. मिशनऱ्यांनी त्यांना चेटकिणी ठरवले, पण त्यांचे जग पुसले गेले नाही. ते संत आणि प्रार्थना यांच्या शेजारी नांदू लागले. मनिलातील कियापो चर्चच्या बाहेर मेणबत्त्यांच्या जोडीने आजही ‘आंतिंग-आंतिंग’, म्हणजे ताईत, विकायला असतात.

आजाराविषयीच्या समजुतींत ‘उसोग’ सर्वांत रोजची. परक्या माणसाने तान्ह्या बाळाचे कौतुक केले आणि नंतर बाळ किरकिरू लागले, तर त्याला उसोग झाला म्हणतात. आपल्याकडच्या दृष्ट लागण्याशी तिचे जवळचे साम्य आहे. कौतुक करणाऱ्याने ‘प्वेरा उसोग’ म्हणावे आणि आपली थुंकी बाळाच्या पोटाला किंवा कपाळाला लावावी, हा उतारा. त्यामुळे तान्ह्या मुलाला नको तो संसर्ग होऊ शकतो. त्याहून मोठा धोका उशिराचा आहे: डेंगी किंवा न्यूमोनियाचा ताप उसोग समजून घरीच अंगावर काढला जातो.

‘पास्मा’चा त्रास कष्टकऱ्यांना जास्त. तापलेल्या अंगाला गार पाणी लागले की शिरा बिघडतात, हात थरथरतात, तळव्यांना घाम सुटतो, असे मानतात. म्हणून दिवसभर इस्त्री करणारी बाई काम संपल्यावर बराच वेळ हात धूत नाही. थरथर खरी असते. तिचे मूळ थायरॉइडच्या विकारात, रक्तातील साखर उतरण्यात किंवा नुसत्या थकव्यात असू शकते. ते शोधायचे मात्र राहून जाते. मानवशास्त्रज्ञ मायकेल टॅन यांनी उसोग आणि पास्मा यांचा गांभीर्याने अभ्यास केला आहे. रुग्णाने असे नाव घेतले की डॉक्टरने हसण्यावारी न नेता लक्षणे विचारून घ्यावीत, हाच शहाणा मार्ग दिसतो.

‘बांगुंगोत’ हा याच समजुतींतला सर्वांत दुःखद भाग. धडधाकट तरुण रात्री जेवून झोपतो, झोपेत कण्हतो आणि सकाळी मृत आढळतो. इलोकानो लोककथेत हे ‘बातीबात’ या लठ्ठ स्त्रीपिशाचाचे काम. तिचे झाड तोडून त्याचा खांब घराला लावला, तर ती त्या खांबात येऊन राहते आणि झोपलेल्याच्या छातीवर बसते. त्यावर अंगठा चावावा किंवा पायाची बोटे हलवावीत, असा उपाय सांगतात. दुसरी समजूत अशी की भरल्या पोटी झोपल्याने हे होते. २००२ मध्ये रिको यान हा लोकप्रिय नट २७ व्या वर्षी झोपेत गेला, तेव्हाही बांगुंगोतचीच चर्चा झाली. त्याच्या मृत्यूचे कारण स्वादुपिंडाचा तीव्र दाह असे सांगण्यात आले होते.

१९९२ मध्ये पेद्रो आणि जोसेप ब्रुगादा या भावांनी हृदयाच्या विद्युत्-लयीतील एका दोषाचे वर्णन केले. त्यात हृदयाची रचना निरोगी असते, पण ठोके अचानक बेताल होतात, बहुधा रात्री आणि पुरुषांत. बांगुंगोतचे अनेक मृत्यू याच दोषाने होतात, असे आता मानले जाते. हा दोष आनुवंशिक असू शकतो. म्हणून घरात असा मृत्यू झाला, की भावांचा आणि मुलांचा हृदयालेख (ईसीजी) काढणे निकडीचे ठरते. धोका असलेल्यांच्या छातीत झटका देऊन लय सुधारणारे यंत्र बसवता येते. मृत्यूचा ठपका बातीबातवर ठेवला, तर ही तपासणी होत नाही आणि त्याच घरात दुसरा मृत्यू होऊ शकतो.

समजुतीची झळ जिवंत माणसालाही बसते. ‘आस्वांग’ दिवसा साधी शेजारीण असते आणि रात्री रूप पालटून लांब जिभेने गरोदर बाईचा गर्भ शोषते, अशी कथा आहे. १५८९ मध्ये फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक हुआन दे प्लासेन्सिया यांनी व्हिसाया बेटांत ही समजूत असल्याचे नोंदवले होते. गर्भपात झाला की गावात संशय फिरतो, आणि तो बहुधा एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईवर जाऊन थांबतो. १९५० च्या दशकाच्या आरंभी सरकारविरुद्ध लढणाऱ्या हुक या साम्यवादी बंडखोरांना एका टेकडीवरून हुसकावण्यासाठी आस्वांगच्या अफवा उठवल्या गेल्या. एका बंडखोराच्या मानेला दोन छिद्रे पाडून, रक्त काढून प्रेत वाटेवर टाकले, असे अमेरिकी अधिकारी एडवर्ड लान्सडेल यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

पानाय बेटावरील कापिस प्रांत तर आस्वांगांचा प्रांत म्हणूनच बदनाम झाला. याच भागात ‘लुबाग’ हा आनुवंशिक मज्जाविकार जगात सर्वाधिक आढळतो. लिलियन ली आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये त्याची वैद्यकीय नोंद केली. चाळिशीच्या आसपास, मुख्यतः पुरुषांत, स्नायू आपोआप पिळवटतात, मान वळते, जीभ बाहेर येते. हे पाहूनच आस्वांगच्या कथेला तिथे बळ मिळाले असावे, असा तर्क मांडला जातो. तो खरा असेल तर कित्येक रुग्णांनी आजाराच्या जोडीला गावाची भीतीही सोसली.

आजारी माणूस अनेकदा आधी ‘आल्बुलार्यो’कडे, म्हणजे गावच्या वैदूकडे जातो. तो वितळलेले मेण किंवा तुरटी पाण्यात सोडून उमटलेल्या आकारावरून कारण सांगतो. या प्रकाराला ‘तावास’ म्हणतात. कुत्रा चावल्यावर ‘तांदोक’ करणारा जखमेवर शिंग लावून विष ओढून काढल्याचा दावा करतो. रेबीजमध्ये ओढून काढण्याजोगे विष नसते. विषाणू मज्जातंतूंतून मेंदूकडे सरकतो आणि लक्षणे दिसू लागली की रुग्ण जवळपास कधीच वाचत नाही. जखम साबणपाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच लस घेणे, एवढाच भरवशाचा मार्ग आहे.

वैदूंचे सारेच ज्ञान मोडीत काढण्यासारखे नाही. १९९७ च्या कायद्याने पारंपरिक औषधांच्या संशोधनाला सरकारी आधार दिला. ‘लागुंदी’, म्हणजे आपली निरगुडी, चाचण्यांतून तावून निघाली असून खोकल्यावरचे औषध म्हणून तिच्या गोळ्या आणि सिरप तिथल्या दुकानांत मिळतात.